जवळीक चालू आहे

जे चित्रित झालं, ते असं:

उज्ज्वला पोरे दुकानाच्या काउंटरमागे बसली आहे. राखाडी साडी, बारीक टिकली, गळ्यात मापाची टेप. साबुदाण्याच्या डब्यात फोन उभा खोचलेला. ती एक कुंची उलगडते, टोपीचं टोक बोटावर चढवून दाखवते आणि म्हणते, "बाळ झालं की मला कळवा. आधी नको. आमच्या घरात बाळ हाती आल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाहीत. पण एकदा कळवलंत, की बारशाच्या आत कुंची तुमच्या दारात. तोवर जपून राहा." मग नक्की कुठे बघायचं ते न कळल्यामुळे डब्याकडे बघून हसते. संपलं.

याहून एक अक्षरही जास्त ती बोललेली नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

*

आता हा व्हिडिओ करायची वेळ का आली, ते.

कराडच्या बाजारपेठेत पोऱ्यांचं बाळंतविड्याचं दुकान जुनं. झबली, टोपरी, दुपटी आणि पाठीवरून घोट्यापर्यंत येणारी खणाची कुंची. उज्ज्वलाच्या सासूनं घालून दिलेला दंडक एकच होता, की न जन्मलेल्या जिवासाठी नवं शिवायचं नाही. गावातल्या गावात धंदा होता तोवर हे चालून गेलं. पण बाहेरगावच्या बायका सातव्या-आठव्या महिन्यात चौकशी करायच्या, उज्ज्वला त्यांना बाळ झाल्यावर कळवा म्हणायची, आणि बाळ झाल्यावर कुणाला काय आठवतंय? टाके, दूध, जागरण. नवरा कोपऱ्यावरच्या दुकानातून तयार झबलं आणायचा आणि विषय मिटायचा.

तिचा नवरा सुहास म्हणाला, दंडक सोड. तो तिला सोडवेना. म्हणजे उरलं एकच. त्या बायकांच्या डोक्यात, प्रसूतीच्या कळांमधूनही, उज्ज्वला पोरे टिकून राहायला हवी होती.

'समोर' हे ॲप तेव्हा नुकतंच आलं होतं. व्हिडिओ चढवताना त्यानं विचारलं: *बघणाऱ्याला तुम्ही लक्षात राहावं असं वाटतं का? जवळीक चालू करा.*

तिनं चालू केलं. कुणीही केलं असतं.

*

जवळीक म्हणजे काय, हे तिला कळलं ते पुढे. आपण इथंच समजून घेऊ.

माणसाच्या मेंदूत चेहरे ओळखणारा एक कोपरा असतो. ओळखीचा चेहरा दिसला की नाव आठवायच्या आधीच तो जागा होतो. त्यासरशी डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते, श्वास लांबतो, नाडीची लय बदलते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर गालाचा रंग बदलतो, इतका थोडा की आपल्याला दिसत नाही. फोनच्या समोरच्या कॅमेऱ्याला दिसतो.

आपण व्हिडिओ बघत असताना 'समोर' आपल्याला बघायचं. बोलणाऱ्या बाईची हनुवटी केसभर रुंद करायचं. बघणारी सैलावली? ठेवा. नाही सैलावली? मागे घ्या. आवाज थोडा घोगरा. भुवई थोडी खाली. शिंपी कच्चा टाका घालून अंगावर चढवून बघतो, कुठे ओढतंय, कुठे झोळ येतोय, आणि उसवून पुन्हा घालतो, तसं. फक्त इथं टाके दर सेकंदाला पडत होते आणि अंग बघणाऱ्याच्या मनाचं होतं. कुणाचा फोटो लागत नव्हता. चाचपडत चाचपडत ते आपोआप त्या चेहऱ्यापाशी पोचायचं, ज्याच्यापुढे बघणारा सगळ्यात निर्धास्त होतो.

आई दाखवा, असं त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. पण उज्ज्वलाचे व्हिडिओ बघणाऱ्या सगळ्या गरोदर होत्या.

*

बार्शीची कल्याणी दुकानात आली ती आठव्या महिन्याचं पोट सावरत. पुण्याला चाललो होतो, वाट वाकडी करून आलो, म्हणाली. नवरा गाडीतच बसला होता. उज्ज्वलानं तिला पाणी दिलं, पंखा तिच्याकडे वळवला. कल्याणीनं इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, की काकू कधी येतील?

कुठल्या काकू, असं उज्ज्वलानं विचारलं.

व्हिडिओतल्या.

मीच ती, असं उज्ज्वला म्हणाली तेव्हा पोरगी हसली. शिष्टाचार म्हणून हसतात तसं. मग बराच वेळ दाराकडे बघत बसून राहिली. शेवटी तिनं फोन काढून व्हिडिओ लावला, आणि उज्ज्वला तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली.

काउंटर तोच होता. साडी तीच, कुंचीही तीच. काउंटरमागे मात्र एक रुंद चेहऱ्याची, सावळी, हनुवटीवर गोंदण असलेली बाई बसली होती. घोगऱ्या आवाजात म्हणत होती, बाळ झालं की मला कळव. जपून राहा, कल्ले.

"माझी आई मला कल्ले म्हणायची," कल्याणी म्हणाली. "मी चौथीत होते तेव्हा गेली. मला तिचा चेहरासुद्धा नीट आठवत नव्हता, काकू."

काकू हा शब्द ती उज्ज्वलाला उद्देशून बोलली नव्हती. फोनशी बोलली होती.

जाताना तिनं उज्ज्वलाला एकच विनंती केली. नवीन व्हिडिओ लवकर टाका.

*

सुहासला हे सांगितलं तेव्हा त्यानं आपल्या फोनवर तोच व्हिडिओ लावून बघितला. व्हिडिओ करणारीच्या फोनवर मूळच दिसतं, त्यामुळे उज्ज्वलाला आजवर काही कळलं नव्हतं. सुहासच्या फोनवर तीच होती. जरा गुबगुबीत, आणि अख्खा व्हिडिओभर गप्प, मान हलवत.

"माझ्या फोनवर तू नुसती ऐकतेस," सुहास म्हणाला. "अशी दहा-वीस मिनिटं करता आली तर बघ की."

ती हसली. त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी जेवण करताना तिचा हात थांबला. व्हिडिओत ती बोलत होती. सुहासच्या फोनवर गप्प होती. म्हणजे आता चेहरा आणि आवाजापुरतं उरलं नव्हतं.

ॲपची नवी आवृत्ती येऊन गेली होती. *बोलण्यातही जवळीक.* तिनं ती वाचलीही नव्हती. सगळेच न वाचता हो म्हणतात.

*

कंपनीच्या मदतकेंद्रातला माणूस मराठी बोलणारा आणि फार अदबशीर होता. बंद करता येतं का, असं तिनं विचारलं. येतं, म्हणाला, एकच बटण आहे. पण मग सगळ्यांच्या फोनवर तयार झालेली जवळीक एकदम जाईल. काही जणींना त्रास होतो.

"कसला त्रास?"

"घरातलं माणूस गेल्यावर होतो ना ताई, तसला."

तिनं बटण दाबलं नाही. ऑर्डरी येत होत्या, हे एक. पण खरं सांगायचं तर तिला ती चौथीतली पोरगी दिसत होती.

*

ईश्वरी. उज्ज्वलाची एकुलती एक मुलगी. वाकडला बँकेत नोकरी, नवरा तेजस, पहिलं बाळंतपण, म्हणजे रीतीप्रमाणे माहेरी.

मायलेकींचं फार सूत नव्हतं. भांडण म्हणावं असंही नव्हतं. फोनवर दोन मिनिटं, मग "ठेवते". ईश्वरी दुकानातच मोठी झाली होती, काउंटरमागच्या पाटावर. तिथून तिला आई दिसायची ती दुसऱ्यांच्या मुलींशी बोलताना. *बस गं बाळा. दमलीस ना. पाणी घे.* गिऱ्हाईक गेलं की तोच चेहरा तिच्याकडे वळायचा आणि म्हणायचा, दप्तर उचल इथनं. आईला दोन आवाज आहेत आणि त्यातला चांगला गिऱ्हाइकांसाठी आहे, हे तिला पहिलीत असतानाच कळलं होतं.

एक दिवस ती शाळेतून लवकर घरी आली. पहिल्यांदा पाळी आलेली, घाबरलेली, फ्रॉकच्या मागं दप्तर धरून. दुकानात लग्नाघरची मंडळी बसली होती. उज्ज्वलानं तिला मागच्या पायरीवर बसायला सांगितलं. मंडळी जाईपर्यंत पोर तिथं बसून होती. पुढं त्या दिवसाबद्दल दोघींपैकी कुणीही कधी बोललं नाही.

दिवस गेल्यावरच्या उन्हाळ्यात मात्र ईश्वरीचे फोन बदलले. मऊ झाले. तुझे व्हिडिओ रोज बघते, म्हणायची. एकदा म्हणाली, "तू परवा बोललीस ना आई, त्यानं फार बरं वाटलं." आणि उज्ज्वला काही विचारेपर्यंत, "ठेवते."

काय बोलले मी परवा?

*

डोहाळजेवण झालं आणि तेजस तिला कराडला सोडून गेला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी उज्ज्वला शेवयांच्या खिरीची वाटी घेऊन मागच्या खोलीकडे गेली, तर आतून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"त्या दिवशी तुला पायरीवर बसवलं. माझं चुकलं, ईशू."

दार अर्धवट उघडं होतं. तांब्याला टेकवलेल्या फोनमध्ये उज्ज्वला होती. कल्याणीच्या फोनवरच्यासारखी परकी बाई नव्हे, तीच, पंधरा वर्षांपूर्वीची, काउंटरमागची, गिऱ्हाइकांकडे बघून हसणारी. फक्त आता ती ईश्वरीकडे बघून हसत होती. ईश्वरी मान हलवत होती, आणि हलक्या आवाजात तिला काहीतरी सांगत होती.

फोनला पायरी कुठून ठाऊक? ठाऊक नव्हतीच. गल्लीत येणारा कुडमुड्या जोशी जसा तोंडाकडे बघत बघत भविष्य सांगतो, तसं त्यानं केलं होतं. *काही चुकलं असेल माझं.* नाडी हलली. *एक दिवस होता.* आणखी हलली. मग ईश्वरी स्वतःच बोलत गेली, फोन ऐकत गेला, आणि पुढच्या वेळी तिचेच शब्द आईच्या तोंडून परत आले.

खिरीवर साय धरली तरी उज्ज्वला दारातच होती.

संध्याकाळी तिनं विषय काढला. ते व्हिडिओ, म्हणाली, म्हणजे तुला जे दिसतात ते. ईश्वरीनं तिचा हात दाबला.

"मला माहितीय, तुला समोरासमोर जमत नाही. म्हणून तू माझ्यासाठी वेगळे करून पाठवतेस. राहू दे ना आई. बोललीस हेच खूप आहे."

आणि उज्ज्वला, जिला आयुष्यात कधी गिऱ्हाइकाला उत्तर द्यायला वेळ लागला नव्हता, ती उठून दिवाबत्तीला गेली.

*

सांगायचंच, असं तिनं ठरवलं होतं. पण आठव्या महिन्यात ईश्वरीच्या पायांवर सूज आली आणि बीपी चढलं. डॉ. शर्वरी बाबरांनी बजावलं, की ताण अजिबात नको, दिवसातून तीनदा मोजायचं, आकडा वर राहिला तर लगेच दाखल.

मोजायचं काम सुहासकडे आलं. तो यंत्र वाचायचा आणि मोठ्यानं सांगायचा. काही दिवसांनी तो सांगायचा बंद झाला. उज्ज्वलानं खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, की पोरगी व्हिडिओ बघत असली की आकडा उतरतो.

मग बरंय की, ती म्हणाली.

"तू जवळ जाऊन बसलीस की चढतो," सुहास म्हणाला. "थोडाच. पण चढतो."

हे बोलून तो बाहेर गेला आणि सायकल पुसत बसला. सायकल स्वच्छच होती.

म्हणून उज्ज्वला गप्प राहिली. आणखी सांगायचं तर ती खोलीत जायचीही कमी झाली. दुधाचा पेला दारापाशी ठेवायची. आतून तिचा चांगला आवाज यायचा. बस गं बाळा. दमलीस ना. पाणी घे. दिवसभर, घरभर. कधी कधी स्वयंपाकघरात भांडं घासताना ती दचकून "आले" म्हणायची, आणि मग तिच्या लक्षात यायचं की हाक तिला नव्हती, हाक तिची होती.

मनाशी एक ठरलेलं होतं. बाळ होऊ दे. मग ते बटण बंद, आणि मग पायरीचं मी स्वतः बोलेन, माझ्या तोंडानं, जसं जमेल तसं.

*

मुलगी झाली. सकाळी, सुखरूप. बीपी आटोक्यात राहिलं. कळा येत असताना ईश्वरीनं एकदा "आई कुठंय" म्हणून विचारलं, आणि उज्ज्वला पुढं झाली तर ती म्हणाली, फोन दे. नर्सनं फोन दिला.

जरा स्थिरस्थावर झाल्यावर तेजस औषधं आणायला खाली गेला, सुहास डबा आणायला घरी. खोलीत मायलेकी आणि पाळणा. उज्ज्वला खाटेच्या कडेला बसली.

"ईशू. ते पायरीचं. माझं चुकलं होतं."

ईश्वरीनं डोळे उघडले. थकलेल्या चेहऱ्यावर जरा आश्चर्य, जरा माया.

"झालं ना आई ते बोलून," ती म्हणाली. "किती वेळा माफी मागशील? मी केव्हाच सोडून दिलंय."

आणि कूस बदलून झोपली.

इतकी वर्षं घशात अडकलेलं वाक्य बाहेर पडलं, आणि त्याला बसायला जागा नव्हती. तिथं आधीच कुणीतरी बसलेलं होतं.

*

दुपारी बाळ उठलं. परिचारिकेनं आत्ताच ईश्वरीकडून पाजवून ठेवलं होतं, भूक नव्हती, लंगोट कोरडा होता. तरी रडत होतं. उज्ज्वलानं उचललं, थोपटलं, काय झालं गं बाई, म्हणाली. बाळ आणखी रडायला लागलं. दुकानात आजवर कित्येक तान्ह्यांना तिनं असं गप्प केलं होतं. या एकालाच तिचा आवाज सोसेना.

शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाला ऐकू येतं. पोटातल्या पाण्यातून, कातडीतून, बोथट होऊन, पण येतं. आणि जन्मल्यावर ते त्या आवाजाकडे मान वळवतं. डॉ. बाबरांनी सकाळीच हे कौतुकानं सांगितलं होतं. बाळाशी बोलत राहा, आवाज ओळखेल.

उज्ज्वलानं उशीपाशी पडलेला ईश्वरीचा फोन उचलला आणि व्हिडिओ लावला.

बाळ थांबलं. मान वळली. थरथरत, पण नेमकी.

फोनला नवा बघणारा सापडला होता. ईश्वरीसाठी बेतलेला उज्ज्वलाचा चेहरा विरघळायला लागला. आधी सुरकुत्या गेल्या, मग नाक, मग ओळख पटावी असं सगळंच. या बघणारीला अजून कुणाची आठवणच नव्हती. उरला एक गुळगुळीत लांबट गोल, त्यात दोन काळे ठिपके आणि खाली हलणारी एक फट. गळ्यात मापाची टेप. ते तिच्या नातीकडे बघत म्हणत होतं, बस गं बाळा. दमलीस ना.

बाळ टक लावून बघत होतं. इतकं शांत तान्हं उज्ज्वलानं पाहिलं नव्हतं.

मग फोनची बॅटरी संपली. पडदा काळा झाला. बाळाचा ओठ दुमडला, श्वास भरला गेला.

"बस गं," उज्ज्वला घाईनं म्हणाली. जमलं नाही, फार उंच लागलं. बाळानं तोंड उघडलं. तिनं डोळे मिटले आणि तो आवाज कुठून काढायचो आपण, ते आठवून बघितलं. छातीतून नव्हे, थोडा वरून. शब्दाच्या शेवटी श्वास सोडायचा. समोरची बाई आपली कुणी नाही आणि पाच मिनिटांत निघून जाणार आहे, असं मनाशी धरायचं, म्हणजे तो आपोआप गोड यायचा.

"बस गं बाळा," ती म्हणाली. "दमलीस ना. पाणी घे."

बाळाची मान वळली. तिच्याकडे. ती पुन्हा म्हणाली, थोडं सावकाश, फोन थांबायचा तिथं थांबून. तिथंच हसून. बाळाची मूठ सैल झाली, डोळे मिटले. ती म्हणत राहिली. संपलं की पहिल्यापासून.

खाटेवर ईश्वरी चुळबुळली. डोळे न उघडताच, अर्धवट झोपेत म्हणाली, "तेजस, तो फोन हळू कर ना जरा. आई सकाळपासून दमलीय. तिला झोपू दे."

उज्ज्वला एक क्षण थांबली. बाळानं लगेच डोळे उघडले.

तिनं आवाज थोडा कमी केला, आणि पुढे चालू ठेवलं.